१ डिसेंबरच्या फेरीतली कवटी आता उतरवायची का?

मानसी_के
दर १ डिसेंबरला, एड्स दिनी, प्रभातफेरी निघते आणि फलक तेच: काळी पाटी, कवटी, "एड्सवर उपाय नाही, संयम हाच उपाय". एचआयव्हीचा विषाणू शरीरातून पुरता जात नाही, एवढंच त्यातलं खरं. एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) २००४ पासून सरकारी केंद्रांत फुकट मिळते, आणि २०१७ पासून सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) कितीही असला तरी निदान झालं की उपचार सुरू करतात. आज बहुतेकांना दिवसाला एक टीएलडी गोळी पुरते: टेनोफोव्हिर ३०० मिग्रॅ, लॅमिवुडिन ३००, डॉल्युटेग्राव्हिर ५०. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, दबून तसाच टिकला की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. यालाच यू = यू (अनडिटेक्टेबल = अनट्रान्समिटेबल: तपासणीत सापडत नाही, तर पसरत नाही) म्हणतात. हे फलकावर का नाही? शंका असलेला माणूस कवटी बघून आयसीटीसीची (सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्राची) पायरी चढायचा नाही, उलट तोंड लपवेल. भीतीचे फलक सरसकट बंद करा.

वारणाकाठ
सरसकट नको. भीतीमुळेच तर लागण घटली ना? नव्वदच्या दशकात ट्रक अड्ड्यांवर गोडगोड बोलून कुणी निरोध वापरला नसता.

मानसी_के
कोंबडा आरवला म्हणून उजाडलं, असं झालं हे. ज्या वस्त्यांत लागण घटली तिथे निरोध दारात पोचवणारे होते, गुप्तरोगांवर दवाखाना होता, शरीरविक्रय करणाऱ्या बायकाच एकमेकींना शिकवत होत्या. कवटी तर तेव्हाही होती आणि आजही आहे.

देशपांडे_सांगली
कवटी गेली तर मला दुःख नाही. पण तिच्या जागी यू = यू लावायला माझा विरोध आहे. त्याच्या अटी फलकावर मावत नाहीत. व्हायरल लोड सुरुवातीला सहा महिन्यांनी आणि पुढे साधारण वर्षातून एकदा तपासतात. मधे गोळ्या बुडाल्या तरी खिशात "दबलेला" असाच जुना कागद असतो.

आणि गोळ्या बुडतात कशा ते बघा. ऊसतोडीची टोळी दिवाळीच्या आसपास बीडहून निघते ती थेट मार्च-एप्रिलला परतते. निघताना जास्त महिन्यांच्या गोळ्या किंवा कारखान्याजवळच्या केंद्राची चिठ्ठी घेतली नाही, तर खंड पडलाच. क्षयरोगाचं रिफॅम्पिसिन सुरू झालं की डॉल्युटेग्राव्हिरची ५० मिग्रॅची आणखी एक गोळी बारा तासांनी लागते. क्षयाचं औषध भलतीकडून चालू असेल तर एआरटी केंद्राला पत्ताच नसतो. पित्तावरचं अँटासिड सोबत घेतलं तरी औषध नीट शोषलं जात नाही; गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. शिवाय सिफिलिस, परमा, कावीळ-बी यांना यू = यू लागू नाही. निरोध सुटला की ते आलेच. एकच सुई दोघांनी वापरली तरीही हा नियम धरायचा नाही.

नारळीपौर्णिमा
देशपांडे, अटी खऱ्या आहेत, पण त्या रुग्णाला समुपदेशकाने सांगायच्या आहेत. फलक वाचणारा तो नसतो. त्याची सासू असते, घरमालक असतो, शाळेचा मुख्याध्यापक असतो. त्यांना एवढंच कळायला हवं की औषधावरचा माणूस धोका नाही. आणि हा शब्दांचा खेळ नव्हे. एचपीटीएन ०५२ या चाचणीत नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, पुणे आणि चेन्नईचीसुद्धा. लवकर उपचार दिल्यावर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली, हे २०११ मध्ये समोर आलं. पुढे युरोपातल्या पार्टनर-२ या अभ्यासात ७८२ पुरुष जोडप्यांत निरोधाविना सुमारे ७६ हजार वेळा संबंध आले. विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून लागण: शून्य.

देशपांडे_सांगली
त्या जोडप्यांची तपासणी वर्षानुवर्षं काटेकोर होत होती. आपल्याकडे लोड एका मिलीलीटरमागे १,००० प्रतींच्या वर निघाला तर गोळ्यांबद्दल नव्याने समुपदेशन करून तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचा असतो. पण ती फेरतपासणीच राहून गेली तर? आणि तुमचा तो मुख्याध्यापक जसा फलक वाचतो, तसा खंड पडलेला रुग्णही वाचतो.

रात्रपाळी
तुम्ही दोघं ज्यावर भांडताय ते औषध सुरू झाल्यानंतरचं आहे. फलकावर वेळ हवी, आणि तीच कुठे नसते. सुई टोचली, निरोध फाटला, बलात्कार झाला, तर पेपचा (धोक्यानंतर लागण टाळायला घ्यायच्या औषधाचा) पहिला डोस शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत. पुढे २८ दिवस रोज. समोरच्याच्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा, दाबून रक्त काढू नका, स्पिरिट नको. चौथ्या दिवशी आलेल्याला पेप देऊन उपयोग नसतो.

दुसरं, रॅपिड टेस्ट पहिल्याच आठवड्यात करून "निगेटिव्ह" म्हणून नाचणारे. अँटिबॉडी तयार व्हायला वेळ लागतो, तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. उलट गाव पातळीवरच्या एका किटवर रिअ‍ॅक्टिव्ह आलं म्हणजेही एचआयव्ही नव्हे. आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन किटवर पडताळल्याशिवाय पॉझिटिव्ह म्हणत नाहीत.

वारणाकाठ
हे सगळं एका फलकावर? प्रभातफेरीतली पोरं फलक वाचून दाखवेपर्यंत दुपार होईल.

मानसी_के
एकावर नको. गावच्या फेरीत तीन ओळी: "एचआयव्हीवर औषध आहे, फुकट आहे. धोका वाटला तर ७२ तासांच्या आत सरकारी रुग्णालय. माहितीसाठी १०९७." यू = यू एआरटी केंद्रात आणि ग्रामसभेत, जिथे प्रश्न विचारता येतात. देशपांडे, एवढं मान्य?

देशपांडे_सांगली
ग्रामसभेत बोलणाऱ्याला अँटासिड आणि टीबीचं माहीत असेल तर मान्य. आणि पहिल्या ओळीत "रोज घ्यावं लागतं" हे घाला.