मदत हवी आहे: रेडिएशनने सोललेल्या कातडीवर लेझरचे उपचार कोणी घेतलेत का?

नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यातले. आईला स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन, केमो आटपलं, आता कोल्हापुरात रेडिएशन चालू आहे. सोमवार ते शुक्रवार तिथे खोली घेऊन राहतो, शनिवारी करूळ घाटाने घरी. 25 पैकी 16 झाले.

तिसऱ्या आठवड्यापासून काख आणि स्तनाखालची घडी लाल झाली, मग काळवंडली. काल घरी ब्लाउज काढताना कापड काखेला चिकटलेलं. पाणी लावून लावून सोडवलं, तर रुपयाएवढी साल निघाली आणि खालून पाणी येतंय. ती तोंडातून चकार शब्द काढत नाही, पण हात अंगापासून लांब धरून चालते. त्यात आपल्याकडचा घाम! शेजारच्या काकी भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) लावा म्हणतात. टाचांच्या भेगांना आम्ही तेच लावतो, पण ओल्या जखमेवर लावायचा धीर झाला नाही. कोमट पाण्याने धुऊन, टिपून, डॉक्टरांनी दिलेलं मलम तेवढं लावतेय.

या लेझरच्या उपचाराबद्दल, म्हणजे फोटोबायोमॉड्युलेशनबद्दल, वाचलं. तांबडा किंवा इन्फ्रारेड प्रकाश अगदी कमी शक्तीने देतात, चटका बसत नाही, पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांना चालना मिळून जखम भरायला मदत होते. डोक्यामानेच्या कॅन्सरमध्ये तोंड येऊ नये म्हणून तर हा उपचार 2020 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आहे. बेल्जियममध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांना रेडिएशनच्या सुरुवातीपासून आठवड्यातून दोनदा लेझर दिला, तेव्हा कातडी सोलवटण्याचं प्रमाण कमी राहिलं. माझी खरी अडचण इथेच आहे. सुरुवात तर केव्हाच उलटून गेली. साल निघाल्यावर सुरू करून कोणाला उपयोग झालाय का? आणि जिथे गाठ होती तिथेच हा प्रकाश पाडण्याबद्दल तुमचे डॉक्टर काय म्हणाले? आमच्याकडे "ती सोय नाही" एवढंच उत्तर मिळालं.

भावाने ऑनलाइन लाल एलईडीचा दिवा मागवलाय. खोक्यावर 660 नॅनोमीटर (प्रकाशाची तरंगलांबी) लिहिलंय, पण किती अंतरावरून, किती वेळ, काहीच नाही. मी तो उघडू दिलेला नाही.

आमच्याकडे रेडिएशनलाच सगळे लाईट म्हणतात. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "लायटीनच भाजला, आता परत लायट कित्या (कशाला)?" तिला पटेल असं काय सांगू? आणि कोल्हापूर, रत्नागिरी किंवा गोव्यात हा उपचार प्रत्यक्ष कुठे घेतला असेल तर तेही कळवा.

सोमवारी पहाटेच निघायचंय. तोवर जे कळेल ते कागदावर उतरवून डॉक्टरांपुढे ठेवते.