साठीनंतर स्नायू भरून येत नाहीत, हे कुणी ठरवलं?

सांजवारा

आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठांच्या व्हॉट्सॲप गटावर परवा एक पोस्ट आली. सार असं: साठीनंतर स्नायू वाढत नाहीत. वजन उचललं की तंतू फाटतात आणि या वयात ते भरून येत नाहीत. म्हणून रोज अर्धा तास चालावं, बाकी शरीराला विश्रांती द्यावी. खाली नमस्कारांची रांग. गटावर उत्तर दिलं तर ते सुप्रभातांखाली गाडलं जाईल, म्हणून इथे लिहितेय.

विश्रांतीच्या सल्ल्याने माझी आई खंगली. घरात पडली, हाड मोडलं नव्हतं, तरी 'पडून राहा' असंच सांगितलं गेलं. दुखणं बरं झालं, पण तोवर कमोडवरून एकटीने उठणं गेलं होतं. २००७ साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षांच्या निरोगी माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवलं, तर पायांतला जवळपास एक किलो मांसल भाग गेला. आजार काही नव्हता, नुसतं पडून राहणं.

आता दुरुस्तीचं. अलेक्झांडर मॉरो यांना १९६१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या स्नायूत तंतूंना चिकटून बसलेल्या छोट्या पेशी दिसल्या. त्या सॅटेलाइट पेशी. तंतूला इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात, तंतूत मिसळतात. वयानुसार त्या कमी होतात, विशेषतः जोर लावणाऱ्या वेगवान तंतूंजवळच्या, आणि जाग्याही उशिरा होतात. इथपर्यंत पोस्ट बरोबर धरू. पण उशिरा होणं म्हणजे बंद होणं नव्हे. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने म्हातारा आणि तरुण उंदीर यांचं रक्ताभिसरण जोडलं, तेव्हा म्हाताऱ्या उंदराच्या त्याच पेशी पुन्हा नीट कामाला लागल्या. पेशींमध्ये क्षमता होती, भोवतालचं वातावरण म्हातारं झालं होतं.

आणि माणसांचं हवं असेल तर १९९० चा बोस्टनचा अभ्यास घ्या. वृद्धाश्रमातले नव्वदीचे, थकलेले लोक. आठ आठवडे पायांनी जड वजन उचलण्याचा व्यायाम. ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या स्नायूचं क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी. नव्वदीत!

चालणं चांगलंच आहे. पण चालण्याने मांडीवर जो भार येतो तो खुर्चीतून उठायला लागणाऱ्या जोरापेक्षा कितीतरी कमी. ज्या भाराची सवय मोडते, तो पेलायची ताकद जाते.

हौद्यातली_माती

ताई, भावना पोचल्या. पण जिमवाल्यांची जाहिरात होतेय तेवढी टाळा. आमच्या कोल्हापुरात जोर, बैठका आणि मुद्गल यावर पिढ्या उभ्या राहिल्या, तिथं कुठलं मशीन होतं? आमचे वस्ताद सत्तरी ओलांडल्यावरही पहाटे पोरांबरोबर बैठका मारायचे. वजन म्हणजे स्वतःचं अंग. तेवढं पुरतं.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. तालीम सुटली आणि खुराक तोच राहिला, असे कितीतरी मल्ल बघितलेत. दूध, तूप, बदाम तसंच चालू, मेहनत बंद. पंचेचाळिशीत पोट पुढं आणि गुडघे गेलेले. तरुणपणी कमावलेलं अंग जन्मभर पुरत नाही.

काळे_काका_निवृत्त

ती पोस्ट मी पाठवली होती. मीही त्याच सोसायटीत राहतो. माझं नाव न घेता झोडपलंत, त्यापेक्षा जिन्यात भेटून बोलला असतात तर बरं झालं असतं.

मुद्द्यावर येतो. बोस्टनच्या त्या अभ्यासात माणसं किती होती, ते तुम्ही लिहिलं नाही. १०. पूर्ण केला ९ जणांनी. एवढ्यावर 'नव्वदीत!' म्हणून उद्गारचिन्ह? आणि उंदरांचंच बोलायचं तर २०१४ चा अभ्यास का वगळलात? अतिवृद्ध उंदरांच्या सॅटेलाइट पेशी शांत बसलेल्या अवस्थेतून कायमच्या निकामी अवस्थेत जातात, असं त्यात दिसलं. तुम्हाला सोयीचा उंदीर तेवढा घेतलात.

माझा मित्र निवृत्तीनंतर हौसेने जिमला गेला. पहिल्याच आठवड्यात तिथल्या पोराने त्याच्याकडून जमिनीवरून बार उचलून घेतला. कमरेची गादी सरकली. आज तो माणूस चपला घालायला सुनेची वाट बघतो. ती पोस्ट मी त्याच्यासाठी पाठवली होती. तुमच्या आईबद्दल वाईट वाटतं, पण माझ्याकडेही माणूस आहे.

सांजवारा

काका, राग समजतो. मित्राबरोबर झालं ते वाईटच. पण तो दोष पहिल्या आठवड्यात बार हातात देणाऱ्याचा, भाराचा नाही.

१० माणसं कमी वाटतात ना, मग त्याच संशोधकांचा १९९४ चा अभ्यास घ्या. १०० माणसं, सरासरी वय ८७, दहा आठवडे. ताकद ११३ टक्क्यांनी वाढली. चालण्याचा वेग वाढला, जिना चढण्याची शक्ती वाढली. ज्यांना व्यायामाशिवाय नुसतं पोषक पेय दिलं, त्यांचा अशक्तपणा हटला नाही.

तुमचा २०१४ चा उंदीर मला मान्य आहे. पण २०१५ मध्ये उंदरांच्या सॅटेलाइट पेशी मुद्दाम काढून टाकून त्यांना म्हातारं होऊ दिलं, तरी स्नायू इतरांपेक्षा जास्त झिजले नाहीत. स्नायूत तंतुमय ऊती मात्र वाढली. म्हणजे या पेशी मोठ्या जखमेच्या दुरुस्तीला हव्यातच, पण म्हातारपणी होणाऱ्या झिजेचा सगळा दोष त्यांच्यावर टाकता येत नाही. 'पेशी थकल्या, आता बसा' हा निष्कर्ष निघतच नाही.

काळे_काका_निवृत्त

१९९४ चा मीही वाचला आहे, आणि पूर्ण वाचला आहे. ताकद ११३ टक्के, पण मांडीच्या स्नायूचं क्षेत्रफळ? २.७ टक्के. व्यायाम न करणाऱ्यांचं १.८ टक्के घटलं, आणि दोन्हींतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे वाढला तो स्नायू नव्हे. मेंदू आणि मज्जातंतू आहे तो स्नायू जास्त चांगला वापरायला शिकले. माझ्या पोस्टमध्ये 'स्नायू वाढत नाही' असं होतं. ते तुमच्याच अभ्यासात आहे.

फिजिओ_डोंबिवली

काकांचा हा मुद्दा नेमका आहे. सुरुवातीच्या आठवड्यांतली बरीच वाढ मज्जासंस्थेची असते, तरुणांमध्येसुद्धा. स्नायू जाड व्हायला महिने लागतात, म्हातारपणी जास्तच. पण माझ्याकडे येणाऱ्या आजींना मांडीचा घेर नको असतो, भारतीय बैठकीच्या संडासातून उठता यायला हवं असतं. ते झालं की घेराचं मी विचारत नाही.

'तंतू फाटतात' हे मात्र डोक्यातून काढा. स्नायू वाढण्यासाठी फाटावा लागतोच असं नाही. वाढीचा मुख्य इशारा ताणाचा, भाराचा असतो. सवय नसताना अचानक जास्त केलं, किंवा जिना उतरताना होतो तसा लांबत्या स्नायूवर भार घेतला, की दुखतं. ते दुखणं एकदोन दिवसांत शिगेला जाऊन ओसरतं. वयस्कर माणसाला मी दोन सत्रांमध्ये जास्त दिवस देते, एवढंच.

आणि दादा, बैठका उत्तम. पण ज्या बाईला एक बैठक जमत नाही, तिला उंच खुर्चीपासूनच सुरुवात करावी लागते. आणि ज्याला पन्नास सहज जमतात, त्याच्या मांडीला एकावन्नावीने फारसा नवा भार मिळत नाही.

खरा प्रश्न वेगळाच आहे. आपल्या ताटात दुरुस्तीचा माल आहे का?

वरणभात_साजूकतूप

आला का प्रथिनांच्या पावडरचा विषय! वाटच बघत होते. माझ्या भाच्याला जिममध्ये सगळ्यात आधी व्यायाम नाही, डबा दाखवला. पगाराचा केवढा भाग त्यात जातो! माझी आजी वरणभात, भाकरी आणि ताक यावर नव्वदी पार करून गेली. शेवटपर्यंत ताठ. तिला कुणी ग्रॅम मोजायला सांगितले नव्हते.

फिजिओ_डोंबिवली

पावडरचं नावही मी घेतलेलं नाही. हिशेब मांडते, बघा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस प्रौढांना किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. वृद्धांसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवले, कारण तेवढ्याच जेवणावर म्हातारा स्नायू तरुणापेक्षा कमी प्रतिसाद देतो. म्हणजे ६० ते ७२. आता वाटीभर वरणात डाळ असते जेमतेम ३० ग्रॅम, तिच्यातून ६-७ ग्रॅम मिळतात. पोळी किंवा भाकरी सुमारे ३. पेलाभर दूध ६-७. दोन वेळचं वरण, चार पोळ्या, एक पेला दूध, वाटीभर दही, थोडा भात. चाळिशीच्या आसपास गाडी थांबते. आणि हे नीट जेवणाऱ्या माणसाचं. माझ्या पेशंट आजी रात्री दूधभात खाऊन उठतात.

वरणभात_साजूकतूप

म्हणजे आमच्या सगळ्या पूर्वजांचं चुकलं? दर पिढीला कुणीतरी येऊन ताटात खोट काढतं. आधी तूप वाईट होतं, मग भात वाईट, आता वरण अपुरं. चीड येते.

एडिसनकर

आजी ताठ होत्या कारण त्या जात्यावर दळत होत्या, विहिरीचं पाणी शेंदत होत्या, जमिनीवर बसून उठत होत्या. ते आपण सगळं सोडलं आणि वरणभात तेवढा ठेवला. आजींचं अर्धंच उदाहरण घेऊन कसं चालेल?

याबाबत पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम बघाच. २००४ मध्ये त्यांनी लंडनचे जॉन युडकिन आणि स्वतःचा जोडफोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. बाहेरून सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी. आपण म्हातारपणाला निघतो तेच कमी शिदोरी घेऊन, आणि मधुमेहही लवकर गाठतो. न्यू जर्सीत आमच्या मंडळात पन्नाशीपुढचा प्रत्येक दुसरा माणूस गोळी घेतो असं मला वाटतं.

वरणभात_साजूकतूप

जात्याचं ठीक आहे. तेवढं मानते. पण दळण बायकांच्याच वाट्याला होतं आणि त्यात त्यांच्या कमरा मोडल्या, हेही लिहा. त्या काबाडकष्टाला व्यायाम म्हणून सजवू नका. माझ्या आजीला कुणी दोन सत्रांमध्ये विश्रांती दिली नव्हती.

हौद्यातली_माती

हे बरोबर बोललात.

प्रथिनांचं म्हणाल तर अंडी खा ना. एकात ६ ग्रॅम. चातुर्मास आला की आमच्या गल्लीतली निम्मी घरं चार महिने अंडी बंद करतात आणि उपवासाला साबुदाणा. साबुदाण्यात प्रथिनं नावाला नाहीत. हे बोललं की लोक अंगावर येतात, मला माहीत आहे. येऊ देत.

वरणभात_साजूकतूप

आलेच. कुणी श्रद्धेने चार महिने अंडं सोडलं तर तुमचं काय गेलं? मूग, मटकी, चवळी, हरभरा, पनीर, सोयाबीन या गोष्टी शाकाहारीच आहेत. अंडं खा सांगण्याआधी मटकीची उसळ रोज करा असं सांगितलं असतंत तर ऐकलं असतं. घरोघरी उसळ आठवड्यातून एकदा होते, तीही चमचाभर वाढतात. भांडायचं तर त्यावर भांडा.

फिजिओ_डोंबिवली

यावर मी पूर्ण तुमच्या बाजूने. मोठी वाटी उसळ, दोन्ही वेळा. शिवाय सगळी प्रथिनं दुपारच्या जेवणात न कोंबता तिन्ही वेळांना विभागून. नाश्त्याला नुसते पोहे नकोत, सोबत दही किंवा मोड आलेले मूग घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही वाढवू नका.

काळे_काका_निवृत्त

मूळ प्रश्न बाजूला राहून इथे पंगत बसली आहे.

मी मधुमेही, मेटफॉर्मिन घेतो. २०१९ च्या एका चाचणीत ६५ च्या पुढच्या निरोगी माणसांना १४ आठवडे वजनांचा व्यायाम दिला. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचा स्नायू न घेणाऱ्यांपेक्षा कमी वाढला. मग मी का घाम गाळायचा?

फिजिओ_डोंबिवली

'कमी वाढला' म्हणजे वाढला, काका. आणि ती माणसं मधुमेही नव्हती. तुमची साखर ताब्यात राहणं स्नायूसाठीही महत्त्वाचं आहे, म्हणून या चाचणीच्या भरवशावर गोळी बंद करू नका. व्यायामाने मांडीचा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो, हा फायदा तुम्हाला इतरांपेक्षा जास्त लागणार आहे.

सांजवारा

काका, जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस वृद्धांनाही आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचे व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम करायला सांगते. चालणं त्याशिवाय वेगळं. तुमच्या पोस्टमध्ये हे दोन्ही नव्हतं, फक्त चालणं होतं. माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

काळे_काका_निवृत्त

खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून जोर, इतपत असेल तर माझी हरकत कधीच नव्हती. आठवड्यातून दोनदा करून बघेन, फिजिओबाई सांगतील तसं. पण स्नायू वाढेल असं मी मान्य केलेलं नाही. ताकद वाढेल, एवढं मान्य केलं आहे. आणि लोखंडाच्या बारला हात लावणार नाही, ते मला पुन्हा सांगू नका.

फिजिओ_डोंबिवली

बार नकोच. पण एक अट. खुर्चीवरून दहा वेळा सहज उठता यायला लागलं की हातात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या घ्यायच्या. सहज जमतंय तिथेच थांबलात तर पुढे काही होणार नाही. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबा, डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब आधीच तपासून घ्या.

वरणभात_साजूकतूप

शेंगदाण्याचं कुणी बोललंच नाही. कूट आपण सगळ्यात घालतो.

फिजिओ_डोंबिवली

मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम दाण्यांत साधारण ७ ग्रॅम प्रथिनं. अंड्याएवढी. पण निम्मं तेल असतं, म्हणून उसळीच्या जागी नको, उसळीत घाला.