प्रतिसाद: एडिटरच्या पुढच्या आवृत्तीत काय हवं?

टर्मिनलमध्ये (फक्त मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत) चालणाऱ्या आपल्या या एडिटरमध्ये एकापेक्षा जास्त कर्सर आणि प्लगइन (वरून जोडायच्या सुविधा) आधी हवेत, असं वर बऱ्याच जणांनी म्हटलंय. हवेतच. पण माझ्या मते त्याआधी देवनागरीचा कर्सर सुधारायला हवा.

'क्षि' घ्या. वाचणाऱ्याला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात) क, हलन्त, ष आणि ह्रस्व इकार असे चार संकेत, यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत १२ बाइट. या अक्षराला ओळीतले किती रकाने (सारख्या रुंदीच्या जागा) लागतात याचा हिशोब एडिटर एक करतो आणि टर्मिनल दुसरा. मग ओळीच्या शेवटी कर्सर दिसतो एकीकडे आणि टाइप केलेलं उमटतं भलतीकडेच. मी दिवसभर मराठी मजकूर याच एडिटरमध्ये लिहितो, आणि लांब ओळ दुरुस्त करताना अक्षरशः अंदाजाने चालावं लागतं.

यावर उपाय आहे. युनिकोड १५.१ मध्ये (२०२३) अशी जोडाक्षरं एकसंध धरण्याचा नियम आला. घोस्टी, काँटूर यांसारखी टर्मिनलं 'मोड २०२७' नावाच्या सेटिंगमधून अख्ख्या अक्षरगटाची रुंदी मोजतात. एडिटरने सुरू होतानाच टर्मिनलला हा मोड येतो का ते विचारावं आणि त्याप्रमाणे मोजावं. बाणाच्या कळीने कर्सर पूर्ण अक्षर ओलांडावा, बॅकस्पेसने मात्र एकेक संकेतच पुसावा. चुकलेल्या वेलांटीसाठी सगळं जोडाक्षर पुन्हा का टाइप करायचं?

फाइल बंद केल्यावरही अनडू (केलेला बदल मागे घेणं) टिकावं, हेही हवंच. व्हिम या एडिटरमध्ये ते आवृत्ती ७.३ पासून, म्हणजे २०१० पासून आहे.