प्रति: ओहाना की डिनर शो?
मुलं सहा आणि नऊ वर्षांची म्हणताय, तर ऑर्लँडोत डिस्नेच्या ओहाना रेस्टॉरंटात जेवावं की जेवणासोबतचा डिनर शो बघावा, यात माझं मत ओहानालाच. डिस्नेच्या पॉलिनेशियन रिसॉर्टमधला हवाईयन नाचाचा शो २०२० मध्ये बंद पडला तो पडलाच. उरला १९७४ पासूनचा हूप-डी-डू हा डिनर शो; तो डिस्नेच्याच फोर्ट विल्डरनेस रिसॉर्टमध्ये, काउबॉय थाटाचा. गाणी धमाल, पण विनोद इंग्रजी, धाकट्याला कितपत कळणार? ओहानात पंगतीसारखं वाढतात. नूडल्स, सळईवरचं मांस, कोळंबी, हवं तितकं मागा. शेवटी गरम ब्रेड पुडिंगवर आइस्क्रीम (आमच्याकडे त्यावरूनच भांडण झालं). सासूबाईंना शाकाहारी जेवण हवं, हे बुकिंग करतानाच कळवा. बुकिंग ६० दिवस आधी उघडतं. खिडकीपाशी जागा मिळाली तर मॅजिक किंगडम या डिस्नेच्या थीम पार्कची आतषबाजी बसल्याजागी दिसते.