‘आपोआप’, ‘स्वतःहून’ की ‘जागा होतो’? हात न लावता सुरू होणाऱ्या संगणकाविषयी शब्दचर्चा

प्रश्न (मानेवाडा, नागपूर)

आमच्या घरचा संगणक गेल्या महिन्यापासून कोणीही हात न लावता सुरू होऊ लागला आहे. कधी मध्यरात्र उलटल्यावर बैठकीच्या खोलीतून त्याच्या पंख्याची घरघर ऐकू येते, तर कधी दुपारी गेलेली वीज परत आली की पाठोपाठ तोही सुरू झालेला दिसतो. मदतीसाठी फोन केला तेव्हा मी घरच्या बोलीत ‘कॉम्प्युटर आपल्या मनानंच चालू होऊन राहिला’ असे सांगितले. पलीकडचा मुलगा विदर्भाबाहेरचा असावा, कारण त्याने ‘चालूच राहतो, बंद होत नाही’ अशी नोंद केली आणि बंद न होणाऱ्या संगणकाचे उपाय मला अर्धा तास सांगितले. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी ‘आपोआप’ हा शब्द ऐकताच पॉवर सप्लाय बदलण्याचा सल्ला दिला. दोन्ही वेळी माझेच शब्द कमी पडले असे मला वाटते. या घटनेसाठी नेमका शब्द कोणता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद (महाल)

आधी ‘होऊन राहिला’विषयी लिहितो, कारण यात आपल्या बोलीचा दोष नाही. ‘काय करून राहिला?’ म्हणजे ‘काय करतो आहेस?’, हे नागपुरात लहान मुलालाही कळते. इथे ‘राहणे’ हे सहायक क्रियापद केवळ क्रिया चालू असल्याचे दाखवते. प्रमाण मराठीत मात्र ‘राहणे’ म्हटले की टिकून राहण्याचा अर्थ पुढे येतो, आणि म्हणूनच त्या मुलाने सुरू होणे वगळून सुरू राहणे तेवढे ऐकले. बोली सोडण्याचे कारण नाही, परंतु बाहेरच्या माणसाला बिघाड सांगताना ‘सुरू होतो’ असे म्हणावे.

आता ‘आपोआप’. ‘आप’ या शब्दाची ही द्विरुक्ती असून तिची घडण ‘हातोहात’, ‘मागोमाग’, ‘दारोदार’ यांच्यासारखी आहे, आणि ‘आप’चे मूळ प्राकृतातील ‘अप्प’मधून संस्कृत ‘आत्मन्’पर्यंत जाते. म्हणजे व्युत्पत्तीने कर्ता ती वस्तूच ठरते. वापरात मात्र हा शब्द कर्ता सांगत नाही, तो कर्ता दिसला नाही एवढेच सांगतो. ‘दार आपोआप उघडले’ असे म्हणताना वारा नव्हता असा आपला दावा नसतो. ‘स्वतःहून’ याहून वेगळा आहे. ‘त्याने स्वतःहून चूक कबूल केली’ यात इच्छा आहे, पर्याय असताना केलेली निवड आहे, म्हणून तो शब्द माणसासाठी राखून ठेवावा. ‘आपसूक’मध्ये विनासायास लाभाची छटा आहे. पंखा थांबला की कागद उडायचे आपसूक थांबतात, पण रात्री झोपमोड करणाऱ्या संगणकाला तो शब्द शोभत नाही.

प्रतिसाद (धरमपेठ)

मी अनेक वर्षे इलेक्ट्रॉनिक्स शिकवले आहे, त्यामुळे माझे लक्ष क्रियाविशेषणाकडे न जाता ‘बंद’ आणि ‘सुरू’ या दोन शब्दांकडे गेले. ‘सुरू’ अरबीतून फारसीमार्गे आला, ‘बंद’ फारसीतला आहे, आणि दिव्याच्या बाबतीत ही जोडी पुरेशी ठरते. संगणकाला ती पुरत नाही. जुन्या संगणकांत समोरचे बटण मुख्य विजेचा प्रवाहच तोडत असे. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना आणल्यापासून बटण फक्त मदरबोर्डला, म्हणजे संगणकातल्या मुख्य पाटीला, इशारा देते, आणि संगणक बंद दिसत असतानाही पॉवर सप्लायमधून 5 व्होल्टचा एक प्रवाह मदरबोर्डला मिळत राहतो. घड्याळ, कीबोर्ड किंवा नेटवर्क कार्ड यांना संगणक उठवता येतो तो या प्रवाहामुळे. म्हणून मी विद्यार्थ्यांना दोन शब्द वेगळे वापरायला सांगत असे: संगणकाला आज्ञा देऊन थांबवला तर ‘बंद’, आणि भिंतीवरचे बटणही बंद केले तर ‘बोर्डावरून बंद’. हा दुसरा शब्दप्रयोग आपल्या घरोघरी आहेच, तो तांत्रिक लेखनातही निःसंकोच घ्यावा.

याच्या अलीकडे आणखी दोन अवस्था आहेत. एका अवस्थेत उघडी कामे स्मृतीत राहतात आणि ती जपण्यापुरती वीज खर्च होते. ही ‘झोप’. दुसरीत ती कामे डिस्कवर उतरवून ठेवली जातात. तिला जीवशास्त्राच्या पुस्तकांतला ‘शीतनिद्रा’ हा शब्द चपखल बसतो. झोपेतून किंवा शीतनिद्रेतून संगणक ‘जागा होतो’, तर बंद अवस्थेतून तो ‘सुरू होतो’. हा भेद मी अलंकार म्हणून सुचवत नाही, कारण दोन्हींची कारणे बहुधा वेगळ्या ठिकाणी सापडतात. 2012 मध्ये विंडोज 8 सोबत आलेल्या फास्ट स्टार्टअपने थोडा गोंधळ वाढवला आहे हे खरे. त्यात ‘शट डाउन’ केले तरी प्रणालीचा गाभा शीतनिद्रेत जातो, मात्र आपली उघडी कामे मिटवली जातात.

म्हणून मूळ प्रश्नकर्तीला माझा प्रश्न असा: रात्री पडदा उजळल्यावर आदल्या संध्याकाळच्या खिडक्या तशाच उघड्या असतात का? आणि दुपारी?

प्रतिसाद (मानेवाडा, मूळ प्रश्न)

आपला प्रश्न वाचून दोन दिवस लक्ष ठेवले. रात्री संगणक उठतो तेव्हा बाबांचे वर्तमानपत्राचे पान जसेच्या तसे उघडे असते. ते रात्री ‘स्लीप’ निवडतात, हे मला ठाऊकच नव्हते. दुपारी मात्र सगळे कोरे असते, पहिल्यापासून सुरुवात होते. म्हणजे मी दोन निराळ्या गोष्टी एकाच ‘आपोआप’मध्ये बांधून सांगत होते.

रात्रीची गोष्ट अशी निघाली. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, ‘पॉवरसीएफजी’ ही आज्ञा ‘लास्टवेक’ या जोडासह दिली तेव्हा उठवणारा टायमर असल्याचे दिसले. विंडोजची स्वयंचलित देखभाल मूळ मांडणीनुसार रात्री 2 वाजता ठरलेली असते, आणि त्या कामासाठी संगणकाला उठवण्याची मुभा आमच्याकडे दिलेली होती. ती काढून घेतल्यापासून रात्री शांतता आहे. दुपारचे कारण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीत, सापडले. गेलेली वीज परत आल्यावर काय करायचे, याचे बंद राहणे, सुरू होणे आणि पूर्वीच्या स्थितीत जाणे असे तीन पर्याय तिथे होते, त्यांतला ‘सुरू होणे’ निवडलेला होता. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी लाईन जाते-येते, म्हणून हे उन्हाळ्यातच लक्षात आले. पॉवर सप्लाय बदलावा लागला नाही.

आता माझ्या मनात ‘बिघाड’ या शब्दाविषयीच शंका आहे. काहीही बिघडलेले नव्हते. संगणक सांगितलेले काम चोख करत होता, फक्त ते त्याला कोणी सांगितले होते हे घरात कोणाला माहीत नव्हते.

प्रतिसाद (महाल)

आपली शंका योग्य आहे. ‘बिघाड’ म्हणजे जे नीट होते ते न राहणे. इथे ‘मांडणी’ किंवा सरळ ‘सेटिंग’ म्हणावे. ‘खोड’ हा शब्दही मनात आला होता, पण खोड अंगभूत असते आणि सहसा जात नाही, ही तर दोन मिनिटांत गेली. बटण अडकल्यामुळे किंवा पॉवर सप्लाय खराब झाल्यामुळे संगणक सुरू होत असेल, तेव्हा ‘बिघाड’ जरूर म्हणावे.

प्रतिसाद (धरमपेठ)

एका छोट्या भराची मुभा द्यावी. मराठीत ‘जागा होणे’ आणि ‘जागे करणे’ अशी जोडी सहज उपलब्ध आहे, तिचा फायदा घ्यावा. ‘संगणक रात्री जागा होतो’ यावर ऐकणारा मान डोलावतो. ‘संगणकाला रात्री कोणीतरी जागे करते’ असे म्हटले की पुढचा प्रश्न ‘कोण?’ असा आपल्या तोंडून निघतोच, आणि त्याची उत्तरे मोजकी आहेत: टायमर, टेबल हलल्यावर सरकलेला माउस, कीबोर्ड, किंवा नेटवर्कवरून आलेला संदेश. या शेवटच्याला तंत्रज्ञ ‘मॅजिक पॅकेट’ म्हणतात. सुरुवातीच्या 6 बाइटनंतर त्या संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा पत्ता त्यात लागोपाठ 16 वेळा लिहिलेला असतो. त्याला मराठीत ‘जागहाक’ म्हणावे असे मी सुचवतो. याहून बरा शब्द कोणाकडे असेल तर तो अवश्य लिहावा.

प्रतिसाद (सीताबर्डी)

‘जागहाक’ आवडला. परंतु वीज परत आल्यावर सुरू होणाऱ्या संगणकाला तो लावू नये, कारण तिथे कोणी हाक मारलेली नसते. त्यासाठी ‘वीज येताच सुरू होतो’ हे साधे वाक्यच पुरे आहे, आणि दुरुस्तीवाल्याला त्यातूनच नेमकी जागा कळते.