मदत हवी आहे : पावसात चालणाऱ्या सायकलच्या हबमध्ये कोणतं ग्रीस भरावं?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीत शिक्षक आहे. शाळेत जाऊन-येऊन रोज वीसेक किलोमीटर सायकल होते, भर पावसातही. आमच्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, शिवाय खारा वारा. सायकल गियरची आहे, हब (चाकाच्या मधला, आसेभोवती फिरणारा भाग) कप-कोनचे, म्हणजे हबमधली वाटी (कप) आणि आसेवरचा शंकू (कोन) यांच्यामध्ये सुटे छर्रे.

गेल्या आठवड्यात मागचं चाक घरघरायला लागलं. आस बोटांत धरून फिरवली तर आत वाळू दळली जातेय असं लागत होतं. उघडलं तर ग्रीसच्या जागी दुधाळ, चहाच्या रंगाचा चिखल. उजव्या कोनावर बारीक खड्डे, नऊपैकी तीन छर्रे काळे. मे महिन्यातच हे चाक एका दुकानात ओव्हरहॉल करून घेतलं होतं. ग्रीस कोणतं भरलं विचारलं तर "पिवळं, नेहमीचं" एवढंच कळलं. ही सायकल वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून घेऊन दिली होती, त्यामुळे एका पावसाळ्यात कोन गेलेला बघून फार वाईट वाटलं. पुढची ओव्हरहॉलिंग स्वतः करणार आहे.

वाचून जे समजलं ते असं. ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा साबण. मोटारीच्या दुकानात मिळणारं एपी-३ बहुतेक लिथियम साबणाचं, १८० अंशांच्या आसपासपर्यंत न पाघळणारं. पण ताशी वीसच्या वेगाने माझं चाक मिनिटाला जेमतेम १६० फेरे घेतं. हब तापतो कुठे? मला उष्णतेची भीतीच नाही, भीती पाण्याची आहे. मग स्वस्तातलं कॅल्शियमचं चेसिस ग्रीसच का नको? ते उष्णतेत टिकत नाही, पण पाण्यात टिकतं म्हणतात. की मिरकरवाडा बंदराजवळच्या दुकानातून होडीसाठीचं मरीन ग्रीस आणू? सायकलचं म्हणून मिळणारी छोटी ट्यूब मला महाग पडते. आणि ग्रीस भरायचं किती? मोटारीच्या बेअरिंगमध्ये अर्धीच जागा भरा असं सगळीकडे लिहिलेलं आहे.

प्रतिसाद

सर, सांगलीत तीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय, म्हणून लिहितो. तुमचा पाण्याचा मुद्दा बरोबर आहे. आधी ग्रीसच्या नावातला आकडा बघा. एपी-३ मधला ३ हा घट्टपणा आहे, दर्जा नव्हे. ३ नंबर २ पेक्षा भारी असं समजून लोक घेतात. हबला २ नंबर छान बसतं, छर्‍यांभोवती परत सरकतं. ३ चालतं, पण छर्रा एकदा चालून गेला की ते बाजूला ढकललं जातं आणि तिथंच बसून राहतं.

साधं चेसिस ग्रीस वाईट नाही. आमच्या काळ्या दूधवाल्या सायकलींना तेच असायचं. पण दर दोन-तीन महिन्यांनी उघडायची तयारी पाहिजे, कारण त्यात गंजरोधक फारसं काही नसतं. मरीन ग्रीस मिळत असेल तर डोळे झाकून तेच घ्या.

अर्धं भरायचा नियम सायकलला लावू नका. मोटारीचं बेअरिंग जोरात फिरतं, जास्त ग्रीस घुसळून तापतं, म्हणून तो नियम. इथं कप काठोकाठ भरा, छर्रे त्यात रुतवा, वरून पुन्हा थर द्या. कोन आवळल्यावर कडेने बाहेर येईल ते पुसा, पण रबरी सीलच्या आतलं कडं राहू द्या. पाणी आणि धूळ तेच अडवतं. फ्रीहबच्या (मागच्या हबवरचा, पायडल थांबलं तरी चाक फिरू देणारा भाग) कुत्र्यांना, म्हणजे त्यातल्या छोट्या खिट्ट्यांना, मात्र हे ग्रीस नको, ते चिकटून बसतात आणि पायडल रिकामं फिरतं. तिथं पातळ तेल.

आणि जुनं "पिवळं" पूर्ण काढा. रॉकेलमध्ये धुवा, फडक्याने पुसा, वाळू द्या, मगच नवीन. दोन वेगळ्या साबणांची ग्रीसं मिसळली तर कधी कधी पाण्यासारखी पातळ होतात.

प्रतिसाद

मी पणजीहून. मरीन ग्रीसवर तीन पावसाळे काढलेत, हब एकदाही दुधाळ झाला नाही. एक विनंती, सायकल धुताना प्रेशरचा पाइप हबवर मारू नका. तो फवारा सील ओलांडून आत जातो, मग कोणतंच ग्रीस वाचवत नाही.

धागाकर्ता

काका, ताई, मनापासून आभार. फवाऱ्याचं वाचून चपापलो, कारण दर रविवारी गाडी धुण्याच्या ठिकाणी मी तेच करत होतो. म्हणजे सगळा दोष ग्रीसचा नसावा. मरीन ग्रीस आणलं, पाव इंची अठरा छर्रे आणि कोनाची जोडी मागवली आहे. कपमध्ये मात्र नखाला अडकेल असा एक चरा दिसतोय, आणि तो कप हबमध्येच ठोकून बसवलेला आहे. काका, अशा कपवर नवा कोन घालावा का, की हबच बदलावा लागेल?

प्रतिसाद

खड्डा असेल तर हब गेला. नुसता चरा असेल तर नवीन छर्रे, नवा कोन घालून पावसाळा काढा. क्विक रिलीज (लिव्हर दाबून चाक आवळायची सोय) असेल तर कोन आवळताना किंचित खेळ, म्हणजे ढिलेपणा, ठेवा, लिव्हर दाबल्यावर तो जातो. पाचशे किलोमीटरनंतर उघडून कोन बघा आणि इथं कळवा.