महत्त्वाकांक्षी तरुणाने आधी काम शिकावे की विकणे? किर्लोस्करांच्या नांगरावरून चर्चा

कृष्णाकाठ (चर्चाप्रस्ताव)
काम उत्तम करा, लोक आपोआप दारी येतील, हा उपदेश आपल्याकडे घरोघरी दिला जातो आणि त्याने महत्त्वाकांक्षी मुलांचे नुकसानच होते, असे माझे मत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तो लाकडी नांगरापेक्षा खोल चालत होता. तरीही लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीपायी शेतकरी त्याला हात लावीनात आणि सुरुवातीचे नांगर खपायला सुमारे दोन वर्षे गेली. मालात खोट नव्हती, गाडी अडली होती ती गिऱ्हाइकाच्या भीतीपाशी.

मी ठिबक सिंचनाचे संच विकतो. अनुदानाची चौकशी होतेच, पण शेतकऱ्याच्या मनातला खरा प्रश्न असतो तो क्षार बसून ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडे, तुंबली तर काय, हा. माहितीपत्रकाने तो सुटत नाही. चालू प्लॉटवर नेऊन लॅटरलचे, म्हणजे पिकाच्या ओळीतून जाणाऱ्या नळीचे, टोक उघडायचे, गढूळ पाणी वाहून नितळ पाणी येईपर्यंत थांबायचे आणि पुढच्या ओळीचे टोक त्यालाच उघडायला लावायचे. समोरच्याची भीती अशी ओळखून तिला उत्तर देणे हा कामाचाच भाग आहे आणि तो पहिल्या दिवसापासून शिकायला हवा.

घणाघात
साफ असहमत. नांगर अखेर खपला तो शेतात चालला म्हणून, आणि तो चालला कारण त्याआधी लक्ष्मणरावांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधली नोकरी, सायकलींचा धंदा आणि कडबा कापण्याचे यंत्र यांत कित्येक वर्षे घातली होती. आजच्या मुलांना मात्र रोज लिंक्डइनवर लिहा, स्वतःचा ब्रँड उभा करा, असे सांगितले जाते. माझ्या वर्कशॉपमध्ये येणारे डिप्लोमाधारक स्वतःविषयी सुरेख बोलतात, पण लेथच्या चार जबड्यांच्या चकमध्ये (पकडीत) जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, धरून, मापाची डायल लावून तो सेंटरला आणा म्हटले की गोंधळतात. तुमचेच उदाहरण घ्या. केवळ विक्रीचे शिबिर करून आलेल्या मुलाने लॅटरलचे टोक उघडले आणि पाणी नितळ झालेच नाही, तर तो शेतकऱ्याला काय सांगणार?

वाडीची वाट
आपण दोघेही एकाच माणसाकडून दोन्ही कामांची अपेक्षा करीत आहात, आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या नावाखाली दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांतला मला सर्वांत घातक वाटणारा दोष हाच आहे. औंध संस्थानात 1910 मध्ये लक्ष्मणरावांच्या कारखान्याची वसाहत किर्लोस्करवाडी वसली, पण 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ काढली ती लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी. चित्रकलेचे शिक्षण घेतलेला हा माणूस कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी लिहू लागला, आणि ते पत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही त्याची भावंडे निघाली. ज्या मासिकांत घराघरांतली माणसे विचार आणि सुधारणा वाचत होती, त्यांच्याबरोबर कारखान्याचे नावही घरात पोहोचत होते. ही कामगिरी लक्ष्मणरावांना एकट्याने जमली असती असे मला वाटत नाही, आणि त्यात त्यांना कमीपणाही नाही. तरुणांनी आपला पिंड कोणता हे ओळखावे आणि उरलेल्या कामासाठी जोडीदार शोधावा.

कृष्णाकाठ
पाणी नितळ झाले नाही तर तसे मान्य करावे, फिल्टर उघडून दाखवावा आणि साचलेले क्षार विरघळवायला आम्लप्रक्रिया लागेल हे त्याच्या खर्चासह सांगावे. हे सांगायला कामाची जाण लागते, हा ‘घणाघात’ यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. रोज काहीतरी लिहीत राहण्याला मीही विक्री मानत नाही. जोडीदाराच्या बाबतीत मात्र माझी अडचण अशी, की पहिल्या पगारावर नोकरी करणाऱ्या मुलीला घरात शंकरराव मिळत नाहीत. तिला आपली कल्पना आधी वरिष्ठांच्या गळी उतरवावी लागते, आणि जोडीदार मिळवायचा म्हटले तरी त्यालाही पटवावेच लागते.

घणाघात
पटवणे हवे, हे मी नाकारत नाही. माझा आक्षेप पहिल्या दिवसापासून या शब्दांना आहे. वर्कशॉपमध्ये पहिले वर्ष मुलांनी मशीन सोडू नये, दुसऱ्या वर्षी अनुभवी फिटरबरोबर त्यांना गिऱ्हाइकाकडे पाठवावे आणि तक्रार त्यांनीच ऐकून घ्यावी, इथपर्यंत मी यायला तयार आहे. त्याआधी नाही.